अमेरिकेतली पोरं शेती अन् काउबॉयची परंपरा कशी टिकवतात? आधी हातात वासरू, मग हिशेबाची वही

शेतकऱ्याच्या पोराला शेती नको झाली, ही ओरड फक्त आपल्याच गावात आहे असं समजायचं कारण नाही. शेकडो एकरांचे मालक असलेल्या अमेरिकेतही हेच रडगाणं चालू आहे. तिथल्या २०२२ च्या कृषी गणनेत शेतकऱ्याचं सरासरी वय ५८.१ वर्षं निघालं. पाच वर्षांपूर्वी ते ५७.५ होतं. पस्तिशीच्या आतले शेतकरी जेमतेम ९ टक्के. म्हणजे तिथंही बांधावर म्हाताराच उभा आहे.

पण त्याच देशात दुसरीही एक गोष्ट दिसते. शाळेत जाणारी लाखो पोरंपोरी स्वतःचं वासरू, मेंढरू, डुक्कर नाहीतर कोंबड्या पाळतात. त्याचा खर्च वहीत मांडतात, जत्रेत जनावर उभं करतात आणि लिलावात विकतात. घोड्यावर बसून दोर टाकायला शिकतात. हे सगळं आपोआप होत नाही. त्यामागं शंभर-सव्वाशे वर्षांची एक व्यवस्था आहे. ती कशी चालते, तिनं काय साधलं आणि कुठं ती कमी पडली, ते समजून घेण्यासारखं आहे.

पश्चिम म्हणजे नेमकी कोणती?

तिकडं ‘वेस्टर्न’ परंपरा म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ अमेरिकेचा पश्चिम भाग. टेक्सास, वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडो, ॲरिझोना ही राज्यं. पाऊस कमी, माळरान मोठं, त्यामुळं पिकापेक्षा गुरांवर पोट. अशा मोठ्या कुरणाच्या शेताला तिथं रँच म्हणतात आणि गुरं राखणाऱ्या घोडेस्वाराला काउबॉय. थोडक्यात गुराखीच, फक्त घोड्यावरचा.

सिनेमातला काउबॉय गोरा आणि पिस्तूलवाला असतो. खरी गोष्ट वेगळी आहे. गुरं आणि घोडे तिथं स्पॅनिश लोकांनी आणले. घोड्यावरून गुरं वळायची कला मेक्सिकोतल्या ‘वाकेरो’ म्हणजे गुराख्यांची. रँच, रोडिओ हे शब्दसुद्धा स्पॅनिश भाषेतलेच. गुरांना घेरून एका जागी आणणं, यावरून रोडिओ हा शब्द आला. १८६० च्या दशकापासून पुढची वीसएक वर्षं टेक्सासातून गुरांचे मोठे कळप हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचे. त्या गुराख्यांमध्ये गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मोठ्या संख्येनं होते. पळत्या बैलाची शिंगं धरून त्याला खाली पाडायचा रोडिओतला प्रकार बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयनं प्रसिद्ध केला.

पुढं १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळ्या माळाला कुंपणं पडली. रेल्वे गावोगाव पोचली. १८८६-८७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात गुरं थंडीनं आणि उपासमारीनं मोठ्या प्रमाणावर मेली. लांबवर गुरं हाकायचे दिवस संपले. धंदा बदलला, पण दोर, घोडा आणि जनावर ओळखायची नजर मागं राहिली. ती पुढच्या पिढीच्या हातात कशी द्यायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

बाप ऐकेना, म्हणून पोराला धरलं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांकडं सुधारित बियाणं होतं, माती तपासायचं ज्ञान होतं. पण शेतकरी ऐकायला तयार नव्हते. ‘आम्ही काय आज शेती करतोय का’ हा बाणा तिथंही होताच.

१९०२ मध्ये ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम या शाळा अधीक्षकानं साधारण ३० मुलामुलींना जमवलं आणि एक क्लब काढला. मका लावा, भाजीचा वाफा करा, माती तपासा, जे झालं ते लिहून ठेवा, एवढंच काम. पुढं दक्षिणेकडच्या राज्यांत पोरांचे ‘मका क्लब’ निघाले. पोरानं बापाच्याच रानातला एक तुकडा घ्यायचा आणि नव्या पद्धतीनं मका करून दाखवायचा. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका मुलानं एकरी २२८ बुशेल मका काढला. आपल्या हिशेबात साधारण ५८ क्विंटल. त्या काळी देशाची सरासरी याच्या पाव हिश्श्याच्याही खाली होती. पोराचं पीक बघून बापाचं तोंड बंद झालं.

यातूनच ‘फोर-एच’ ही चळवळ उभी राहिली. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चार गोष्टींना इंग्रजीत एच अक्षरानं सुरुवात होते, म्हणून हे नाव. चार पानांचं हिरवं क्लोव्हर ही तिची खूण. १९१४ मध्ये कायदा झाला आणि विद्यापीठातलं ज्ञान गावात पोचवणारी विस्तार सेवा देशभर सुरू झाली. फोर-एच त्या सेवेचाच भाग झालं. आज साधारण ६० लाख मुलं कुठल्या ना कुठल्या रूपानं त्यात आहेत.

इथं आपला एक संबंध लागतो. आपल्या राज्यातली राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या याच विद्यापीठांच्या नमुन्यावर उभी राहिली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एकाच छताखाली. नमुना आपण घेतला, पण शाळकरी पोरांचा क्लब काही त्याच्याबरोबर गावोगाव आला नाही.

निळं जाकीट आणि त्याची किंमत

दुसरी मोठी संघटना एफएफए. १९२८ मध्ये मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत ती सुरू झाली. नावाचा अर्थ होता ‘अमेरिकेचे भावी शेतकरी’. ही हायस्कूलशी जोडलेली आहे. शाळेत शेती हा विषय असतो, आणि तो घेतलेला विद्यार्थी एफएफएचा सभासद होतो. १९३३ पासून निळं कॉर्डरॉयचं जाकीट हा त्यांचा गणवेश. पाठीवर राज्याचं आणि शाखेचं नाव, छातीवर स्वतःचं नाव.

कामाचे तीन भाग असतात. वर्गातला अभ्यास, संघटनेचं काम आणि घरचा किंवा शेतातला स्वतःचा प्रकल्प. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. पोरानं गाय पाळावी, भाजीपाला करावा, ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करावं, नाहीतर कुणाच्या रँचवर पगारी राबावं. शिक्षक येऊन बघतो, वही तपासतो. वरच्या पदव्या मिळवायच्या तर किती कमावलं आणि त्यातलं किती परत धंद्यात घातलं, याची नोंद दाखवावी लागते. सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, चारचौघांत उभं राहून कसं बोलायचं, याच्याही स्पर्धा असतात. ग्रामसभेत ज्याला तोंड उघडायचं धाडस होत नाही, त्याला याची किंमत कळेल.

या संघटनेचा इतिहास सगळाच गोड नाही. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय पोरांना वेगळी संघटना काढावी लागली होती. ती १९६५ मध्ये एफएफएत विलीन झाली. मुलींना तर १९६९ पर्यंत देशपातळीवर सभासदच होता येत नव्हतं. आज जवळपास निम्म्या सभासद मुली आहेत आणि एकूण सभासदसंख्या १० लाखांच्या पुढं गेली आहे. शिकागोसारख्या शहरात १९८५ पासून शेतीचं स्वतंत्र हायस्कूल चालू आहे. शेती म्हणजे फक्त नांगर नाही, बियाणं, यंत्रं, प्रक्रिया, जनावरांचा दवाखाना हे सगळं त्यात येतं, म्हणून १९८८ मध्ये संघटनेनं नाव बदललं. ‘भावी शेतकरी’ हे शब्द गेले, एफएफए ही अक्षरं राहिली.

एका वासराचा वर्षभराचा हिशेब

प्रत्यक्षात हे कसं चालतं? समजा वायोमिंगमधली चौदा वर्षांची एक पोरगी आहे. पावसाळ्यानंतर आपण जसं खोंड बघायला बाजारात जातो, तशी ती शरद ऋतूत अडीचशे किलोच्या आसपासचं वासरू निवडते. पैसे बापाकडून उसने घेते, नाहीतर सरकारकडून कर्ज काढते. हो, कर्ज. अमेरिकेच्या कृषी खात्याची खास योजना आहे. १० ते २० वर्षं वयाच्या मुलांना फोर-एच, एफएफएसारख्या संघटनेतल्या प्रकल्पासाठी ५,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळतं. आपले चार लाख रुपयांच्या वर. कागदावर सही त्या पोराची, आणि फेडायची जबाबदारीही त्याचीच.

मग नऊ-दहा महिने रोज सकाळ-संध्याकाळ चारा, पाणी, खरारा. दावं लावून चालवायची सवय. दर महिन्याला वजन. वहीत चाऱ्याचा, पेंडीचा, औषधाचा खर्च. उन्हाळ्याच्या शेवटी जनावर सहाशे किलोच्या घरात जातं आणि मग काउंटीची, म्हणजे आपल्या भाषेत तालुक्याची, जत्रा येते.

जत्रेत दोन गोष्टी होतात. एक, परीक्षक जनावर हात लावून, चालवून बघतो आणि नंबर देतो. नंबर का दिला आणि का कापला, हे सगळ्यांसमोर सांगतो. दुसरी, लिलाव. तिथं गावातला दुकानदार, बँक, खताचा डीलर बाजारभावापेक्षा जास्त बोली लावतात. वरचे पैसे म्हणजे पोराला दिलेली शाबासकी. त्यातून पुढच्या वर्षीचं जनावर येतं किंवा कॉलेजची फी निघते.

टेक्सासात ह्यूस्टन शहरात १९३२ पासून मोठं पशुप्रदर्शन भरतं. तिथं १९४२ पासून एक मजेशीर खेळ आहे. मैदानात वासरं सोडतात, त्यांच्याहून जास्त पोरं सोडतात. जो वासरू पकडून रेषेपर्यंत ओढत आणेल, त्याला कालवड घ्यायला पैसे. पण बक्षीस तिथं संपत नाही. वर्षभर त्या कालवडीचा अहवाल पाठवावा लागतो.

यातली एक बाजू आपल्याला जड जाईल. लिलावातलं बहुतेक जनावर कत्तलखान्यात जातं. दहा महिने नाव ठेवून वाढवलेलं जनावर गाडीत चढवताना तिथली पोरंही रडतात. आपल्याकडं गोवंश हत्येला बंदी आहे, त्यामुळं तो भाग आपल्याला लागू नाही. पण बोकड सांभाळून बाजाराला नेणाऱ्या घरातल्या पोराला ती सकाळ ठाऊक आहे. जनावर माया लावतं आणि पोटही भरतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ते लहानपणी कळलेलं पोर पुढं भावनेच्या भरात धंदा करत नाही आणि जनावराचे हालही करत नाही.

रोडिओ : खेळ आणि काम

आता घोड्यावरच्या गोष्टीकडं येऊ. रोडिओ म्हणजे काउबॉयच्या कामाची स्पर्धा. चेयेन गावातला मोठा रोडिओ १८९७ पासून भरतो. शाळकरी पोरांचा राष्ट्रीय पातळीवरचा रोडिओ १९४९ मध्ये टेक्सासात सुरू झाला. आज हायस्कूल रोडिओत अमेरिकेच्या बहुतेक राज्यांतली पोरं उतरतात.

वासराच्या गळ्यात दोर टाकून त्याला आडवं पाडणं, हा खेळ आजारी वासराला माळावरच औषध द्यायच्या कामातून आला. मोठं जनावर एकट्याला आवरत नाही, म्हणून एकजण शिंगांना आणि दुसरा मागच्या पायांना दोर टाकतो. तोही खेळ झाला. मुली तीन पिंपांभोवती घोडा वळवत सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झुंजतात. आणि सगळ्यात जास्त फोटो निघतात ते बैलावर आठ सेकंद टिकायच्या खेळाचे. गंमत अशी की, रँचवर बैलावर बसायचं काम कधीच नव्हतं. तो निव्वळ तमाशासाठी आलेला प्रकार. म्हणून काही जुने रँचवाले ‘रँच रोडिओ’ वेगळा भरवतात. त्यात रोज जे काम होतं, तेवढंच.

रोडिओला प्राणिमित्रांचा विरोध आहे. पोरांच्या जिवाचाही प्रश्न आहे. व्यावसायिक बैलस्वारीच्या मोठ्या स्पर्धेत आता ऑक्टोबर १९९४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक स्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे. परंपरेत हॅट होती, पण डोकं फुटतं म्हटल्यावर हेल्मेट आलं. त्यानं परंपरा बुडाली नाही.

डाग द्यायचा दिवस म्हणजे त्यांची इर्जिक

रोडिओला तिकीट असतं. पण खरी परंपरा टिकून आहे ती वसंतातल्या डाग द्यायच्या दिवसात. वर्षभरात झालेल्या वासरांना रँचची खूण डागायची, लस टोचायची. हे काम एका घराचं नाही. म्हणून शेजारपाजारचे रँचवाले घोडे घेऊन येतात. पुढच्या आठवड्यात यांनी त्यांच्याकडं जायचं. मजुरी नाही, फक्त दुपारचं भरपेट जेवण. आपल्याकडं इर्जिक, सावड म्हणतात तेच हे.

त्या दिवशी सहा वर्षांच्या पोरालाही काम असतं. लशीची बाटली धरायची, फाटक उघडायचं. दहाव्या वर्षी वासराचा पाय धरायचा. पंधराव्या वर्षी घोड्यावरून दोर. पोराला ‘तू बाजूला हो’ म्हणत नाहीत, वयाप्रमाणं काम देतात. ही गोष्ट कुठल्या योजनेत नाही, पण सगळ्यात जास्त तीच कामाला येते.

मग सगळं बरं चाललंय का?

नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत ६८ लाख शेतं होती, २०२२ मध्ये १९ लाख उरली. एवढी मोठी पोरांची संघटना असूनही बहुतेक सभासद पुढं शेतकरी होत नाहीत. कुणी जनावरांचा डॉक्टर होतं, कुणी कंपनीत जातं, कुणी शेतीचा शिक्षक.

मुख्य अडचण जमिनीची. २०२४ मध्ये तिथं पिकाऊ जमिनीचा सरासरी भाव एकरी ५,५७० डॉलर होता, आणि सरासरी शेत ४६३ एकरांचं. नव्या पोरानं एवढी जमीन घ्यायची कशी? मोंटाना, कोलोरॅडोसारख्या डोंगरी भागात तर शहरातले श्रीमंत लोक सुट्टीतल्या घरासाठी रँच विकत घेतात आणि भाव चढवतात. आपल्याकडं रोडलगतची जमीन प्लॉटिंगला जाते, तसंच. शिवाय बाप सत्तरीपर्यंत चेकवर सही करू देत नाही, ही तक्रार तिथंही आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. जमिनीत एवढा फरक असूनही वारसाचं दुखणं एकच.

म्हणून क्लब काढला की पोरं शेतीत राहतील, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. पण जी पोरं राहतात, ती डोळे उघडे ठेवून राहतात. धंद्यात तोटा कुठं होतो, हे त्यांना पंधराव्या वर्षी माहीत असतं.

आपल्या गावात काय करता येईल?

आपल्याकडं परंपरेचा नाद कमी नाही. बैलगाडा शर्यतीवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. तेव्हापासून मैदानं पुन्हा भरली, खिलार खोंडांना गिऱ्हाईक आलं. मैदानात झेंडा बघत आरडाओरडा करणारी हजारो पोरं दिसतात. पण त्यातल्या किती पोरांना एका खोंडाचा महिन्याचा खुराक किती रुपयांचा, हे सांगता येईल? बैल बापाचा, पैसा बापाचा आणि रील पोराची, असं असेल तर परंपरा फक्त मोबाईलमध्ये टिकेल.

करून शिकायची वाट आपल्याकडं अगदीच नाही असंही नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळेतल्या मुलांना शेती-पशुपालन, वेल्डिंग, विजेची कामं हातानं शिकवायचा अभ्यासक्रम निघाला आणि राज्यातल्या बऱ्याच शाळांत गेला. अकरावी-बारावीला क्रॉप सायन्स, डेअरी असे विषय घेता येतात. फक्त ते मार्कांसाठी घ्यायचे, की घरच्या गोठ्यात करून बघायचे, हा फरक आहे.

घरच्या घरी सुरुवात करायला सरकारी योजना लागत नाही. पोराला किंवा पोरीला एक बोकड, दहा कोंबड्या नाहीतर दोन गुंठे भाजी स्वतःच्या नावानं द्या. वही द्या. समजा ५,००० रुपयांना पिल्लू घेतलं आणि ९,५०० ला विकलं. पोर म्हणेल ४,५०० सुटले. वहीत बघितलं तर खुराकाचे २,८०० आणि लस-औषधाचे ३००. खरे सुटले १,४००. चारा बांधावरचाच आणला असता तर किती सुटले असते, हा पुढचा प्रश्न पोर स्वतःच विचारेल. तो प्रश्न पडला, की शेतीचं शिक्षण सुरू झालं.

आणि ते १,४०० रुपये त्याच्याच हातात द्या. घरखर्चात घालू नका. गावच्या यात्रेत शर्यतीच्या मैदानाशेजारी शाळकरी पोरांच्या शेळ्या, कोंबड्या, कालवडींचं छोटं प्रदर्शन भरवायला मंडप लागतो आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचे दोन तास लागतात. बक्षीस देणारे गावात कमी नाहीत, फ्लेक्सचा खर्च वाचवला तरी भागेल. नंबर काढताना जनावराबरोबर वहीपण तपासावी, एवढी एक अट ठेवावी.